ज्यानं मागं पाहिलं

वाशीम
२२ ऑगस्ट १९३७

शमुवेल मास्तर यांस थावराचा सलाम.

तुमी म्हणाल, ह्या पोराला आता काहून आठवण झाली. बोर्डिंगातून पळालो तेव्हा चौथीचं पुस्तकसुद्धा तुमच्याच खिडकीत ठेवून आलो व्हतो, ते अजून तिथंच असंल. सध्या एका बैलवाल्या व्यापाऱ्याची जनावरं हाकून राहिलो. आपल्या कयाधूकडच्या बाळापूरच्या बाजारातून घ्यायची आन् इकडं वऱ्हाडात आणून विकायची. पाय दुखतात, पण रोज नवा मुलूख दिसतो.

काल इथल्या बाजारात आपल्या तांड्याचा प्रेमसिंग भेटला. त्याच्याजवळ एक काळा बैल व्हता, पाठीवर पांढरा ठिपका, जणू कोणी दह्याचं बोट लावलं. मी त्या बैलाचे दात बघून राहिलो व्हतो, तेव्हा तो म्हणाला, "तुला म्हाईत न्हाई वाटतं? तुझा दादा फुलसिंग आषाढातल्या पटकीत गेला." बैलाचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यानं. मी दात सोडले. मग तो म्हणाला, तुमच्या येसूवाल्यांनी त्याला आपल्या जागेत पुरू दिलं न्हाई, आन् आमी आमच्या मसणात जाळू दिलं न्हाई, म्हणून शिवेच्या बांधावर खड्डा केला. एवढं बोलून त्यानं माझ्याकडं तंबाखू मागितली. मी दिली. काहून दिली ते मलाबी कळत न्हाई.

मास्तर, प्रेमसिंग बाटलीतला माणूस हाय, म्हणून त्याचं खोटं धरून मी रातभर पडलो. सकाळी वाटलं, तुमालाच विचारावं.

तुमाला आठवत असंल, कयाधू नदीत आमची चार घरं तुमी पाण्यात उतरवली. तुमी कमरंइतक्या पाण्यात. पयला दादा, मग वैनी कडेवर लेकीला, भिकीला घेऊन, मग पेमाचं आन् बाकीची घरं, आन् मी शेवटी, कारण पायाला मासा लागला म्हणून मी परत काठावर पळालो व्हतो. सगळे हसले. दादा हसला न्हाई. तो वल्ल्या अंगानं तुमच्यापाशी आला आन् त्यानं विचारलं, "मास्तर, हे दरसाल करावं लागतं का एकदाच?" मरीआईचं तसं असतं ना, दरसाल गाडा, दरसाल बकरं, एक साल चुकलं का ती रुसली. तुमी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणाले, "एकदाच, फुलसिंग. जन्माचं."

मग मास्तर, ते एकदाचं गेलं कुठं?

मला व्हय का न्हाई एवढं लिवा. माझा दादा तरला का न्हाई? बाकी मला कळून काय करायचंय. पत्ता वाशीमच्या सराईचाच टाका, तिथला माणूस ओळखतो, त्याच्या घोड्याला मी नाल ठोकून दिली.

थावरा


गोपीचंद नायकाचा तांडा, बाळापूरवरून
१४ सप्टेंबर १९३७

प्रिय थावरा,

तुझ्या दादावर मी सहा वर्षं मुलासारखी माया केली, तेव्हा जे लिहितो ते दगडाच्या मनाने लिहितो असं समजू नको.

प्रेमसिंगाने खोटं सांगितलं नाही. आषाढात पटकी आली. नायकाच्या घरापासून सुरुवात झाली आणि मग घरांची एकही ओळ सुटली नाही. नायकाने मरीआईचा गाडा बांधायला घेतला. तुला ठाऊक आहे, निंबाच्या लाकडाची देवी, वर हिरवं फडकं, बांगड्या, लिंबं. प्रत्येक घराने एक खांदा द्यायचा आणि गाडा ओढत नेऊन पुढच्या गावच्या शिवेवर सोडायचा, म्हणजे रोग तिकडे जातो. आपल्या चार घरांनी खांदा दिला नाही. गाडा चढावर अडकला. चाक चिखलात रुतलं होतं, पण नायक म्हणाला, येसूवाल्यांचे चार खांदे कमी आहेत म्हणून आई हलत नाही.

त्याच दिवशी भिकीला सुरू झालं. मी फुलसिंगाच्या दारात बसून प्रार्थना करीत होतो. तो आत लेकराच्या तोंडात पाणी सोडत होता, आणि ते बाहेर येत होतं. मधेच तो उठला. मी म्हणालो, "फुलसिंग, कुठे?" तो म्हणाला, "मास्तर, तुमी चालू ठेवा." मी प्रार्थना चालू ठेवली, आणि तो जाऊन गाड्याला लागला. त्याने आईचा जयजयकार केला. मला तो इथवर ऐकू आला. त्याचा आवाज ओळखू येत नाही असं कधी झालंय का?

गाडा शिवेवर सोडला. त्यांची रीत अशी की सोडल्यावर परतताना मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर रोग त्या माणसाच्या पाठीवर बसून घरी येतो. फुलसिंग इतक्या वर्षांत ती रीत विसरला होता. त्याने पाहिलं. गाड्याकडे पाहिलं, की जी वाट सोडून आलो तीच पुन्हा धरणारा हा मीच का, हे पाहिलं, देव जाणे. त्याच रात्री त्याला सुरू झालं. भिकी बरी झाली, तो गेला. नायक म्हणतो, मागं पाहिलं म्हणून मेला. आमची माणसं म्हणतात, गाडा ओढला म्हणून मेला. भिकी बरी झाली, हे मला सर्वात कठीण जातं.

खड्डा मी स्वतः खणला. प्रार्थना केली नाही. करता आली नाही.

आता तुझा प्रश्न. मी एकदाच म्हणालो होतो, ते खरं. जन्म एकदाच होतो, थावरा. पण एकदा जन्मलेलं मूल मरतच नाही असं मी कुठे म्हणालो? वेलीला धरून असलेली फांदी हिरवी राहते. तुटली तर माळी तिला उचलून वेलीवर बांधून ठेवत नाही, चुलीत घालतो. ज्याने उजेड चाखला आणि जाणून अंधारात गेला, त्याला पुन्हा मुळापासून नवं करणं शास्त्राला कठीण वाटतं, मग मला का वाटू नये? पश्चात्तापाला त्याला वेळ होता. शुद्धीवर होता. पाणी मागितलं, भिकीबद्दल विचारलं. दुसरं काही बोलला नाही. मी वाट पाहत त्याच्या तोंडाशी कान लावून बसलो होतो.

आणि एक सांगतो, रागावू नको. दुसऱ्या आठवड्यात पेमा माझ्याकडे आला. म्हणाला, मास्तर, देव शेवटी घेणारच असंल तर गाड्याला खांदा देऊन लेकरू वाचवायला काय हरकत? मी जर आज म्हटलं की फुलसिंग सुखरूप आहे, तर येत्या आषाढात उरलेली सगळी घरं गाड्याखाली उभी राहतील. मी तारणारा नाही रे. मी राखणदार आहे.

त्याला पुरल्यानंतरच्या रविवारी, पळताना मागे पाहून मिठाचा खांब झालेल्या शास्त्रातल्या बाईवर मला बोलायचं होतं. तो पाठ आधीपासून ठरला होता. तुझी वहिनी पारू पुढेच बसली होती. मी शेवटपर्यंत बोललो.

तुझा शमुवेल


तांडा
२० ऑक्टोबर १९३७

(पारूबाई सांगते, मी लिहितो. शमुवेल)

प्रिय थावरा भावजी यांस पारूचा सलाम. आम्ही प्रभूच्या कृपेने बरे आहोत. भिकी शाळेत येते, तिला बाराखडी आली. मास्तर आमची काळजी घेतात. जे झालं त्याविषयी मास्तरांनी समजावून सांगितलं आणि माझं समाधान झालं आहे. आपण आपल्या प्रकृतीस जपावे आणि एका जागी राहावे.

(पुढचं मी लिहिणार नव्हतो, पण ती उठायला तयार नाही. तिच्याच शब्दांत लिहितो.)

थावरा, तू गावोगाव फिरतोस. मोठ्या मोठ्या पाद्र्यांना, बाबांना विचार. मास्तर म्हणतात भिकीचा बा तिथं न्हाई. मग तो जिथं असंल तिथं मला जाता येईल का? बायकोला नवऱ्याच्या गावाला जाता येतं. ह्याचा जवाब आषाढाच्या आत कळव. पुन्हा गाडा निघायच्या आत.

(असा प्रश्न विश्वासणाऱ्या बाईला शोभत नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लिहा.)


माळेगावची जत्रा
९ जानेवारी १९३८

मास्तर, सलाम. आन् वैनीला सलाम, तुमी वाचून दावालच.

तुमची दोनी पत्रं मला सराईत उशिरा मिळाली, कारण मी बैलवाल्याला सोडलं. तो माणूस बैलाला मारतो तसा माणसालाबी मारतो. मग नांदेडाला एका शिकलगाराकडं चाकूला धार लावली, मग इकडं जत्रंला आलो. काय घोडे आलेत मास्तर! एक घोडी तर वाजंत्री वाजलं का पुढचे दोनी पाय उचलून नाचते. तिचा मालक गोसावी हाय… जाऊ द्या.

तिथं एक संतराम बाबा भेटले. सुया, फण्या, आन् खाली कापडाखाली शुभवर्तमानाच्या बारक्या पुस्तिका ठेवून विकतात. पुस्तिका दिसली म्हणून मी बसलो. मी सगळं सांगितलं, गाडा, दादा, भिकी, बांध. सांगता सांगता त्यांच्या दोन फण्या गिऱ्हाईकानं चोरल्या, त्यांचं ध्यानच न्हवतं.

बाबा म्हणाले, "पोरा, तुझ्या तांड्यात कधी झोपडीला आग लागली का?" मी म्हणालो, दर उन्हाळ्यात. म्हणाले, मग तुला म्हाईत हाय. गवत जातं, कणगी जाते, कपडे जातात. माणूस बाहेर येतो. डोक्याचे केस जळलेले, अंगावर लंगोटी, तोंड काळं, शेजाऱ्यांसमोर शरमिंदा. पण बाहेर. जो विश्वासात पडला तो असा बाहेर येतो. बक्षीस न्हाई, पगडी न्हाई, पाटावर बसायचा मान न्हाई. तरी बाहेर.

मी तुमची फांदी त्यांच्यापुढं ठेवली. जाणून लपवली न्हाई, मास्तर, तुमची बाजू मी बराबर मांडली. ते हसले आन् म्हणाले, "फांदी लेकरू न्हाई रे. बाप लेकराला मारतो, उपाशी ठेवतो, रातभर दाराबाहेर उभं करतो. पण सकाळी त्याला कोणी इचारलं, तू कोणाचा, तर त्याचं नाव बदललेलं नसतं." मग त्यांनी उरलेल्या फण्या नीट लावल्या. थोड्या वेळानं म्हणाले, कोंबडा आरवायच्या आधी ज्या चेल्यानं येसूची ओळख नाकारली त्यालाच तर येसूनं मेंढरं राखायला दिली. आन् फुलसिंगानं कोणासाठी नाकारलं? पोटच्या पोरीसाठी.

मास्तर, तुमी दादाच्या तोंडाशी कान लावून बसले. त्यानं भिकीचं विचारलं. मला वाटतं ज्याला लेक बरी झाली म्हणून कळलं, तो माणूस दुसरं काय बोलणार? पण मी चौथी न झालेला.

वैनीला हे झोपडीचं नक्की वाचून दावा. तिच्या त्या सवालाचा जवाब हाच हाय. तिकडं जायची गरजच न्हाई, तो तिकडं न्हाईच. मी संक्रांतीनंतर येतो. ती घोडी हैदराबादेला चालली, तिच्यासंगं थोडं जाऊन मग येतो.

थावरा


तांडा
१७ फेब्रुवारी १९३८

प्रिय थावरा,

तुझं पत्र मी पारूला वाचून दाखवलं नाही.

दर रविवारी ती विचारते, थावराचं पत्र आलं का. मी म्हणालो, आलं, तो बरा आहे, घोड्यांबद्दल लिहितो. ती म्हणाली, "घोड्यांबद्दल? बरं." त्यानंतर रविवारी येते पण विचारत नाही. खोटं मी बोललो नाही, आणि तरीही बोललो.

तुझे संतराम मला ठाऊक आहेत. मी बोर्डिंगात शिकत होतो तेव्हा ते प्रचारक होते, आणि आमच्यात त्यांच्यासारखा बोलणारा कोणी नव्हता. पहिली बायको जिवंत असताना त्यांनी दुसरी केली. मिशनने त्यांना काढलं. ज्याची झोपडी जळलेली आहे, थावरा, तो झोपडीबद्दल असंच बोलणार. उपाशी माणसाला विचारू नये की भिक्षा मागणं बरं की वाईट.

तू म्हणशील, त्यालाच तर जास्त ठाऊक. असेल. ते उदाहरण मला फार आवडलं. रात्री पडल्या पडल्या मी त्या माणसाला झोपडीतून बाहेर येताना पाहतो, आणि तो दर वेळी फुलसिंगच असतो. म्हणूनच वाचलं नाही. जे मला इतकं हवं आहे ते मीच खरं ठरवून एका विधवेला देणं, हे औषध नव्हे, अफू आहे.

तरी तुझा हट्ट मोडत नाही. चांगल्या नावाचा, मंडळीत मान असलेला कोणी वडील पाद्री हेच सांगत असेल, आणि लिहून देत असेल, तर ते घेऊन ये किंवा धाड. मी भर मंडळीत वाचेन. माझी हार झाली तर मला ती चालेल. पण लवकर कर. पारू हल्ली संध्याकाळी शिवेच्या बांधावर जाऊन बसते. प्रार्थना करते का म्हणून मी विचारलं. म्हणाली, "न्हाई मास्तर. वाट बघते."

पेमाच्या घरात लहान बाळ आहे. पेमाही आषाढाची वाट पाहतो आहे, वेगळ्या कारणाने. मला त्या महिन्याचीच भीती वाटायला लागली आहे.

शमुवेल


मनमाड
२२ जुलै १९३८

वैनी, सलाम.

हे पत्र मास्तरकडं न धाडता बाळापूरच्या कचेरीपुढं जो अर्जनवीस बसतो त्याच्या नावानं धाडलं, तो तुला बाजाराच्या दिवशी वाचून दावील. मास्तर चांगले हायत, पण त्यांच्या हातात पत्र गेलं का ते आधी शास्त्राच्या तराजूत घालतात.

वैनी, जवाब मिळाला! पक्का मिळाला. म्हातारे पाद्रीसाहेब, इकडं सगळे त्यांच्या पाया पडायला जातात, मराठी आपल्यापेक्षा साफ बोलतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, तेव्हा मला वाटलं झोपले. मग म्हणाले, तुझा भाऊ भ्याला आन् पडला. जो दुबळेपणानं, मायेपोटी, भीतीपोटी पडतो त्याला धनी पडू देत न्हाई. हातातून कोणी हिसकून घेऊ शकत न्हाई. त्याला चटका बसंल, मान मिळणार न्हाई, पण तो त्याचाच हाय. जत्रंतल्या संतराम बाबाची झोपडी मी त्यांना सांगितली, का आगीत सगळं जळतं पण माणूस बाहेर येतो, लंगोटीवर, शरमिंदा, पण बाहेर, तर म्हणाले ते काही बाबाचं न्हवं, शास्त्रातलंच हाय. म्हणजे बघ, मास्तर म्हणतात काढलेला माणूस, आन् बोलला बराबर.

फक्त एवढं म्हणाले का, जो डोळे उघडे ठेवून, कोणाच्या भीतीनं न्हवं, मुद्दाम धन्याचा हात सोडतो, त्याच्याबद्दल मी काही सांगू शकत न्हाई. त्याच्यासाठी फक्त रडतो. पण ते आपल्याला कशाला? दादा तसा न्हवताच.

मास्तरला दावायला त्यांनी चिठ्ठीबी लिहून दिली. होळीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी तसाच निघणार व्हतो, पण अंगणात एक दरवेशी अस्वल घेऊन आला. वैनी, ते अस्वल माणसासारखं काठी खांद्यावर घेऊन चालतं. भिकीला लई आवडंल म्हणून त्याला म्हणालो, चल आमच्या तांड्याला. तो म्हणाला, नाशिकावरून जाऊ. नाशिकाहून तो खानदेशात घुसला. तिथं अस्वलाचा पाय सुजला. त्या गडबडीत चिठ्ठी भिजली, अक्षरं पसरली, पण मला सगळं पाठ हाय, मास्तरपुढं उभा राहून सांगीन.

आता आषाढ चालू हाय, म्हणून तुझी आठवण झाली आन् हे आधी धाडून दिलं. तू निवांत राहा. दादा बरा हाय. मी येतोच.

तुझा थावरा


बाळापूर
३० जुलै १९३८

थावरा,

हे पत्र त्या अर्जनवीसाकडूनच लिवून घेऊन राहिले. त्यानं वर लिवलं व्हतं, अर्जदार पारूबाई बेवा फुलसिंग अर्ज करते का. मी म्हणाले, बाबा, मी काई मागत न्हाई, मी बोलते तसं लिव. मग त्यानं नवा कागद घेतला.

तुझं पत्र आज वाचलं. झोपडीचं मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मला हसू आलं रे. भिकीचा बा असाच व्हता. बाजारात गेला तरी घरी येताना कायतरी हरवून यायचा, पागोटं न्हाईतर जोडा. तो तसाच बाहेर आला असंल, लंगोटीवर, शरमिंदा. मला एकदम दिसला. लई दिवसांनी दिसला.

पण मंगळवारी गाडा निघाला, थावरा.

यंदा रोग न्हाई, सालाबादचा गाडा. मी आपण व्हून नायकाच्या दारी गेले. म्हणाले, आमच्या घराचा खांदा मी देते, घरात गडी न्हाई. नायक म्हणाला, "आली का शेवटी." त्याची बायको म्हणाली, पोरीला काय झालं का? मी म्हणाले, पोरगी चांगली हाय. मग त्यांना कळंना मी काहून आले.

मास्तर वाटेवर हात जोडून उभे व्हते. मला वाटलं शास्तर सांगतील. त्ये एवढंच म्हणाले, "पारू, नको." मी गाड्याला लागले. जयजयकार मी मोठ्यानं केला, मास्तरला ऐकू जाईल असा. तुझ्या दादाचा त्यांनी ऐकला व्हता, माझाबी ऐकावा.

शिवेवर गाडा सोडला. बाजूला तो बांध, तिथं तुझा दादा. सगळे माघारी फिरले, कोणी मान वळवली न्हाई. मी चार पावलं चालले आन् उभी राहिले. मग सगळं अंग वळवून मागं पाहिलं. लोक तांड्यात शिरेस्तोवर पाहत राहिले. मी मनात म्हणाले, मरीआई, तू याला मागं पाहिलं म्हणून नेलंस, मला ने. आन् देवा, तू याला गाडा ओढला म्हणून टाकलंस, मलाबी तिथंच टाक. ज्या दारानं त्याला बाहेर काढलं त्याच दारानं काढा. दोनी घरचे मालक ऐकत असताना म्हणाले.

काईच झालं न्हाई. गाड्यावरचं फडकं वाऱ्यानं हललं. मीठबी झालं न्हाई, उलटीबी न्हाई. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. भिकी म्हणाली, याडी, आज मीठ जास्त पडलं.

पेमानं खांदा दिला न्हाई. मास्तरला त्याची लई भीती व्हती. पेमाच्या बायकोनं मला शिव्या दिल्या, म्हणाली, आमाला मास्तरनं थांबवलं आन् तूच गेलीस.

काल मास्तर घरी आले. मंडळीतून माझं नाव काढलं, प्रभुभोजनाला यायचं न्हाई, हे सांगायला आले. सांगताना त्यांनाच रडू आलं, मग मीच पाणी दिलं. त्यांनी विचारलं, भ्याली व्हतीस का पारू? भ्याली व्हते म्हण. एकदा म्हण. मी कसं म्हणू? मी भ्याले न्हवते. लेकरू आजारी न्हवतं, नायकानं ओढून नेलं न्हवतं. डोळे उघडे ठेवून, इचार करून, वरीसभर इचार करून हात सोडला. तो खाली असंल म्हणून मी खाली उडी घेतली.

आन् आज तू लिवतोस का तो वर हाय.

मी ते पाद्रीसायबाचं शेवटचं पुन्हा वाचायला लावलं. अर्जनवीस म्हणाला, बाई, हे तुमच्याबद्दल न्हाई, पुढचं वाचू का? मी म्हणाले, तेच वाच.

तुझ्यावर राग न्हाई. तू लेकरासारखा, जे दिसंल त्यामागं जाणारा. अस्वल भिकीला आवडंल, घेऊन ये. मास्तरनं झोपडीचं ठेवून घेतलं व्हतं, तेबी त्यांनी काल सांगितलं. त्यांच्यावरबी राग न्हाई. त्ये दाराशी बसून म्हणून राहिले व्हते, मला आता काईच कळत न्हाई, पारू, मला काईच कळत न्हाई. त्यांना घरी पोचवायला भिकीला संगं दिलं.

एक काम कर. त्या पाद्रीसायबाकडं पुन्हा जा. त्यांना म्हण, मुद्दाम हात सोडला त्याचं काय, नीट आठवून सांगा. नवरा वर गेला आन् बायको त्याच्यासाठी खाली उतरली, तर तिला वर बोलवायला त्याला येता येतं का, का तोबी लंगोटीवर दाराशीच बसलेला हाय, हे विचार. चिठ्ठी नको, पाठच कर.

वाटंत जत्रा लागली तर बघून घे. आता घाई न्हाई.

पारू